भिंगरी का खोकत होती

माझा हात मनगटापर्यंत भिंगरीच्या तोंडात होता आणि ती बिचारी दात न लावता तशीच उभी होती. तिचं धड मी दोन्ही गुडघ्यांत गच्च धरलं होतं.

"सापडलं का?" खोलीतून मल्लूनं विचारलं.

"काय न्हाई. जीभच मधी येती."

"हाड न्हाईच ते. रोज रोज कुणाच्या घशात हाड अडकतं?"

एवढं बोलला आणि त्याला ढास लागली. त्याची ढास थांबते न थांबते तोवर भिंगरीला लागली. मी हात काढून फडक्याला पुसला आणि उंबऱ्यातच बसून राहिले. कधीपासून दोघांचं ऐकत होते, पण नीट ऐकलं ते त्या दिवशी. आधी कोरडी ढास, मग मान पुढं काढून ओकल्यासारखं करायचं, बाहेर काही पडायचं नाही, आणि शेवटी छातीतून एक बारीक शीळ. डोळे मिटून घेतले असते तर यातला माणूस कुठला आणि कुत्री कुठली, हे मला सांगता आलं नसतं.

"तुमचा दोघांचा खोकला एकच हाय," मी म्हटलं.

मल्लू हसला. "मग मला बी एक हाड टाक."

आम्ही तेव्हा काळेमाळच्या खडी क्रशरवर होतो. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही वडार, दगडातली माणसं. मल्लूचा बाप हातानं दगड फोडायचा, मल्लू मशिनीवर आला. डोंगरात सुरुंग लागायचा, डंपर दगड आणून मशिनीच्या जबड्यात ओतायचा, जबडा तो चावून चावून बारीक करायचा आणि पट्ट्यावरून खडी निराळी, भुकटी निराळी अशी खाली पडायची. मल्लू जबड्याच्या तोंडाशी उभा असायचा, हातात पहार घेऊन. दगड अडकला की मोकळा करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं. तेव्हा तिशीतला माणूस, आणि मी त्याला हसून म्हणायची, आला बघा म्हातारा.

क्रशर वसंतबापूंचा. आमच्या पत्र्याच्या खोल्या त्यांच्याच जागेत. आमची चाकरी, आमचं छप्पर, आमचं नळाचं पाणी, सगळं बापूंच्या हातात होतं. बापू शिवीगाळ करणारा माणूस नव्हता. लग्नाला आहेर पाठवायचा, मयताला स्वतः यायचा. आमच्या खोल्यांच्या रांगेत त्याचं मयताला येणं जरा जास्तच व्हायला लागलं होतं. शेजारच्या तायव्वाचा नवरा खोकून खोकून गेला. त्याच्या पलीकडच्या खोलीतला गेला. कुणी खोकत पडलं की बापूंचे डॉक्टर निगडे यायचे, छातीला नळी लावायचे आणि म्हणायचे, "बिड्या. दुसरं काय? ओढा अजून."

आणि आमची माणसं बिड्या ओढायची. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मल्लू तर उठल्या उठल्या ओढायचा. सरकारी दवाखान्यात त्याला टीबीच्या गोळ्या दिल्या. थुंकीत काही सापडलं नाही, तरी दिल्या. त्यानं इमानदारीनं सगळ्या संपवल्या. वजन गेलं, भूक गेली, खोकला तसाच.

भिंगरीला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं मी ठरवलं तेव्हा अख्खी रांग मला हसली. तायव्वा म्हणाली, "नवरा हातरुणाला लागलाय आन् ही कुत्रीला डाक्टरकडं घिऊन निघाली."

मी म्हटलं, "नवऱ्याला काय झालंय ते त्यांनी ठरवून टाकलंय. हिचं अजून कुणी ठरवलं न्हाई."

तेव्हा मी हे रागानं बोलले. पुढं काय होणार आहे याची मला काही कल्पना नव्हती.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवीन मॅडम आल्या होत्या, डॉक्टर नफिसा मुजावर. मिरजेच्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. बाहेर गाईम्हशी बांधलेल्या, त्यात मी दोरीला कुत्रं घेऊन उभी. मॅडमनी आत बोलावलं. भिंगरीचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, छातीला नळी लावली. एकदा लावली, काढली, पुन्हा लावली. मग विचारायला सुरुवात केली.

"कधीपासून खोकते?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि आता शिमगा आला. म्हणजे साथीचा खोकला नाही हा. तो एकाचा दुसऱ्याला लागतो, कुत्रं बदकासारखं ओरडतं, पण दोनतीन आठवड्यांत उतरतो. जेवते का?"

"जेवती. पण वाळत चाललीया."

"म्हातारी कुत्री असली की कधीकधी हृदय मोठं होतं. ते श्वासाच्या नळीला दाबतं आणि आडवं झालं की खोकला येतो. पण हिचं हृदय चांगलं वाजतंय." त्यांनी भिंगरीच्या मानेवरून बोटं फिरवली, गळा हळूच चेपला. "पट्टा फार घट्ट असतो का? ओढून ओढून नळीला इजा होते."

मी म्हटलं, "घट्ट म्हंजे? पट्टा तर दिवसभर चालूच असतो, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठला पट्टा?"

"खडीचा. क्रशरचा. तुमी कुठला म्हंताय?"

"गळ्यातला." त्या हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. "ही त्या पट्ट्याजवळ असते?"

"त्याच्या खालीच झोपती. भुकटी पडती तिथं. ऊब असती ना. पिल्लू होती तवापासनं तिची जागा ती."

"तिथली बाकीची कुत्री?"

"खोकत्यात की. सगळीच खोकत्यात."

मॅडमनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. जंताची गोळी दिली, खोकल्याचं औषध दिलं, तिला तिथून हलवा म्हणाल्या. मी दोरी गुंडाळत होते तेव्हा मागून विचारलं, "घरात आणखी कोण खोकतं?"

"नवरा."

त्या दारापर्यंत माझ्यामागं आल्या.

भिंगरीला मी खोलीच्या मागं बांधून ठेवली. दोरी कुरतडून ती परत पट्ट्याखाली जायची. जनावर ते, त्याला आपली जागा सोडवत नाही. औषधानं चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. उन्हाळा लागला तशी ती उठेनाशी झाली. पाण्याचं भांडं तोंडाशी धरलं तरी मान वर करायची नाही. एका सकाळी बघते तर भुकटीच्या ढिगात आडवी, आणि अंगावर इतकी पांढरी पावडर बसलेली, की दगडाचीच केली आहे असं वाटावं.

मल्लू म्हणाला, "खड्डा काढतो."

त्याला पहार उचलवत नव्हती. मी त्याच्या हातातून पहार काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"पुरायची न्हाई तिला."

"मग?"

"फाडून बघायची."

मल्लू माझ्याकडं बघतच राहिला. भिंगरीला मीच वाढवली होती. आमच्या राणूच्या पाळण्याखाली ती बसायची. राणू माझी मुलगी, तेव्हा माझ्या आईकडं होती ते एक बरं झालं.

"येड लागलं का तुला?"

"व्हय. तायव्वाच्या नवऱ्याला जाळला, शेजारच्याला जाळला. त्यांच्या छातीत काय हुतं ते त्यांच्यासंगं गेलं. कुणाच्या तरी छातीत बघू दे की मला."

पोत्यात घालून मी तिला क्रशरच्याच डंपरमधून तालुक्याला नेली. डंपर चालवणारा सदा आमच्याच रांगेतला. रस्ताभर तो एवढंच म्हणत होता, की दिनकरला सांगू नको. दिनकर म्हणजे बापूंचा सुपरवायझर.

मॅडम पोतं बघून म्हणाल्या, "गाय असती तर गोष्ट वेगळी. गाईचं शवविच्छेदन करतो आम्ही, विमा असतो. कुत्र्याचं कोणी सांगत नाही."

"मी सांगतीया."

"तुम्ही बाहेर बसा मग."

"मी हितंच थांबनार."

दवाखान्याच्या मागं एक सिमेंटचा ओटा होता, चिंचेच्या झाडाखाली. तिथं भिंगरीला ठेवली. मॅडमनी हातमोजे घातले. मी डोळे झाकणार नाही असं ठरवलं होतं, पण पहिल्या वेळी झाकलेच. उघडले तेव्हा त्यांच्या हातात तिचं फुप्फुस होतं. मी बकऱ्याचं बघितलं होतं पुष्कळदा. गुलाबी असतं, स्पंजासारखं, दाबलं की दबतं. हे काळपट, जड, आणि त्यावर बारीक बारीक गाठी, ज्वारीच्या दाण्यांसारख्या.

त्यांनी सुरी लावली.

कर्र.

तुम्ही तांदूळ न निवडता भात केला आणि घासात खडा आला, तर दाताखाली जसं होतं, तसा तो आवाज. मांस कापताना असा आवाज येत नाही. मॅडमचा हात तिथंच थांबला. मग त्यांनी दुसऱ्या जागी सुरी लावली. तिथंही तेच. कर्र, कर्र.

"हात पुढं करा," त्या म्हणाल्या. त्यांनी एक लहानसा तुकडा माझ्या बोटांत दिला. "चोळून बघा."

मी चोळला. रवाळ लागत होता. बोटांना ते लागणं ओळखीचं होतं. रोज संध्याकाळी मी मल्लूच्या पाठीला पाणी लावायची तेव्हा हाताला तेच लागायचं.

"दगड हाय हा," मी म्हटलं.

"दगडाची भुकटी. श्वासाबरोबर आत जाते. फुप्फुस तिला बाहेर टाकायला बघतं, म्हणून खोकला. ती निघत नाही, म्हणून खोकला थांबत नाही. मग फुप्फुस तिच्याभोवती गाठ धरतं. अशा गाठी वाढत गेल्या की श्वासाला जागाच उरत नाही." त्या बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या ओट्याकडं. "पुण्याला तपासायला पाठवीन मी हे. पण सुरीला कळलंय."

"माझ्या नवऱ्याच्या छातीत हेच असंल का?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे, अंबूताई. माणसाचं मला सांगता येणार नाही."

"तुमाला काय वाटतं ते इचारलं मी."

त्यांनी हातमोजे काढले, नळाखाली हात धुतले. बराच वेळ धूत होत्या.

"मला वाटतं, छातीचा फोटो काढून धुळीचा आजार ओळखणाऱ्या डॉक्टरला दाखवायला हवा. उशीर न करता."

भिंगरीला आम्ही त्या चिंचेखालीच पुरली. खड्डा काढायला मॅडमनीही हात लावला.

त्याच महिन्यात बापूंनी आरोग्य शिबिर ठेवलं. त्यांना डोंगराच्या पलीकडं दुसरा क्रशर टाकायचा होता आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. पलीकडच्या शेतकऱ्यांची कुरकुर होती, पिकावर धूळ बसते म्हणून. बापूंनी युक्ती काढली. एकाच दिवशी शिबिरही आणि ग्रामसभाही, क्रशरच्या आवारात मांडव घालून. आदल्या दिवसापासून मशिनी बंद. टँकरनं पाणी मारून सगळी धूळ बसवलेली. पट्ट्यावर झेंडूच्या माळा. आम्ही तिथं इतकी वर्षं राहत होतो, पण समोरचा डोंगर इतका स्वच्छ मी पहिल्यांदा बघितला.

दिनकर रांगेत येऊन सांगून गेला, "डॉक्टरसाहेब व्यसनमुक्तीची शपथ देणार हैत. सगळ्या गड्यांनी पुढं बसायचं. मल्लू, तू पहिल्या रांगेत. तुजं बघून बाकीचे शिकतील."

मी तालुक्याला जाऊन मॅडमना म्हटलं, "तुमी या."

"मला बोलावणं नाही."

"मी बोलावतीया की."

त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाल्या, "वरून फोन आला होता मला. कुत्र्यांची चौकशी करायला तुम्हाला नेमलं नाही म्हणाले." त्यांची नोकरी होती, घरी आई होती, ते मला माहीत होतं.

परत आल्यावर मल्लूशी माझं जोरात भांडण झालं. मी काय करणार आहे ते त्याला सांगितलं होतं.

"खोली जाईल, अंबे. उद्या पोरीला घिऊन कुठं राहशील?"

"ह्या खोलीत ऱ्हाऊन तरी काय? तू गेल्यावर बापू मला ठेवून घेणार हैत का?"

"मी गेल्यावर," तो म्हणाला आणि भिंतीकडं वळला. आमच्यात ते शब्द कुणी उच्चारले नव्हते तोवर. मलाही वाईट वाटलं. पण मागं घ्यावेसे वाटले नाहीत.

शिबिराच्या दिवशी मांडव भरला. गावातली माणसं, सरपंच, ग्रामसेवक, वर स्टेजवर बापू आणि डॉक्टर निगडे. पुढं आमचे गडी, धुतलेल्या कपड्यांत, मांडी घालून. मधोमध एक नवंकोरं घमेलं ठेवलेलं. डॉक्टर बोलायला उठले. तंबाखूनं काय होतं, बिडीनं काय होतं, घरादाराचं कसं वाटोळं होतं. बोलले चांगलं, खोटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही जण खोकल्याचं निमित्त करून कामावर दांड्या मारतात, तेही आम्हाला कळतं. आज सगळ्यांनी खिशातल्या बिड्या या घमेल्यात टाकायच्या आणि माझ्यामागून शपथ घ्यायची."

गडी एकेक करून उठले. घमेल्यात बंडलं पडायला लागली. मल्लू उठला, दोन पावलं चालला, त्याला ढास लागली. तो वाकला आणि सगळा मांडव बघत राहिला. मागून कुणीतरी हसलं.

तेव्हा आम्ही आत गेलो.

पुढं मी, माझ्यामागं तायव्वा, तिच्यामागं रांगेतल्या बाया. प्रत्येकीच्या हातात दोरी आणि दोरीला कुत्रं. पट्ट्याखाली झोपणारी, जबड्याशी पडून राहणारी, कुणाचा कान तुटका, कुणाच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. इतकी माणसं बघून ती भुंकायला गेली. भुंकता येईना. एक खोकायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं, मग सगळीच. माना पुढं काढून, पाय रोवून, ओकल्यासारखी.

दिनकर धावत आला. "अगं ए, कुत्री कुठं आणता? भायेर काढा ती!"

मी घमेल्यापर्यंत गेले. दोरी मनगटाला गुंडाळली. स्टेजकडं बघून म्हटलं, "डाक्टरसाहेब, ह्यांना बी शपथ द्या."

"काय?"

"ह्यांच्या बिड्या सुटंनात. आमी लई सांगून बघितलं."

आधी कुणालाच कळलं नाही. मग मागच्या बाजूला एक शेतकरी मोठ्यानं हसला आणि त्याचं हसू मधेच बंद पडलं. मांडवात फक्त कुत्र्यांचा खोकला उरला. आणि मल्लूचा.

डॉक्टर म्हणाले, "ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टा न्हाई. तुमी शिकलेली माणसं. माझी भिंगरी ह्याच खोकल्यानं मेली. ती बिडी वढत न्हवती, दारू पीत न्हवती, कामाला दांडी बी मारत न्हवती. मग ती कशानं खोकत हुती ते सांगा. एवढं सांगा, आमी जातो."

बापू उठले. आवाज चढवला नाही. "अंबू, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण कुत्र्यांना हजार रोग असतात. त्याचा माणसांशी काय संबंध? हे सांगायला डॉक्टर लागतो."

"डॉक्टर आहे," मागून आवाज आला.

मॅडम मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, डोक्यावर हेल्मेट तसंच. स्कूटी लावून सरळ आत आल्या होत्या. त्या पुढं आल्या, हेल्मेट काढून घमेल्याशेजारी खाली ठेवलं.

बापू म्हणाले, "मॅडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर."

"मी जनावराबद्दलच बोलणार आहे. त्या कुत्रीला साथीचा खोकला नव्हता. तिचं हृदय चांगलं होतं. मी तिची छाती उघडली. फुप्फुसाला सुरी लावली तेव्हा सुरी दगडावर घासावी तशी वाजली. पुण्याचा निकाल आलाय, ती दगडाची धूळ आहे. ही सगळी कुत्री इथं तीच हवा घेतात." त्यांनी आमच्या गड्यांकडं बघितलं. "माणसांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. ज्यांना आहे त्यांनी बोलावं."

सगळ्यांनी डॉक्टर निगड्यांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते.

मल्लू सरळ उभा राहिला होता. त्याच्या हातात बिड्यांचं बंडल होतं. त्यानं ते घमेल्यात टाकलं, मला वाटलं आता खाली बसेल. पण तो बापूंकडं वळला. माझा नवरा बापूंसमोर कधी मान वर करून बोलला नव्हता.

"बापू, मी बिडी सोडली," तो म्हणाला. "आता तुमी धूळ सोडायची बंद करा."

दुसऱ्या क्रशरचा ठराव त्या दिवशी मांडलाच गेला नाही. पलीकडचे शेतकरी उठून उभे राहिले आणि सभा मोडली.

त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. दिनकर दोन माणसं घेऊन आला आणि आमची भांडी, अंथरुणं, राणूचा पाळणा, सगळं बाहेर टाकलं. मी पाळणा उचलला आणि डंपर चढतात त्या चढावर, मधोमध नेऊन ठेवला, आणि त्याच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं तायव्वा आली. तिचं सामान कुणी बाहेर टाकलं नव्हतं, तिनं स्वतःच आणलं. मग एकेक करून सगळी रांग. सदानं खालून डंपर आणला, आम्हाला बघितलं, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि बिडी न पेटवता आमच्यात येऊन बसला. जबडा दिवसभर रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशीही. तहसीलदार आले तेव्हा बाया उठल्या नाहीत. ते चढावर आमच्याशेजारी बसले तेव्हा बोलणं सुरू झालं.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. आमची खोली परत मिळाली, पट्ट्यांवर पत्र्याची झाकणं आली, पाण्याचे फवारे आले. ते कधी चालू असायचे, कधी बंद. बंद दिसले की बाया परत चढावर जाऊन बसायच्या. मॅडमची बदली झाली, लांब, गडचिरोलीकडं. जाताना भेटायला आल्या, चहा घेतला, आम्ही दोघी रडलो नाही. मल्लू वाचला नाही. आत गेलेला दगड कुठल्या औषधानं बाहेर निघत नाही, हे मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं. पण जी तरणी पोरं त्यानंतर क्रशरवर लागली, ती आज आपापल्या पोरांची लग्नं करतायत. सदाचा मुलगा माझा जावई आहे.

पण मला सांगायचा आहे तो फोटोचा दिवस.

चढावर बसलो होतो तेव्हा तहसीलदारांकडून एक कबूल करून घेतलं होतं, की छातीचे फोटो काढणारी गाडी पाठवायची आणि त्याबरोबर धुळीचा आजार कळणारा डॉक्टर पाठवायचा. ती आली. सगळ्या गड्यांचे फोटो काढले. मल्लूचा फोटो डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरला. तरणाच डॉक्टर होता. पेन्सिलीनं दाखवत म्हणाला, "हे सगळं पांढरं ठिपके ठिपके दिसतंय ना, ती धूळ. हा टीबी नाही आणि ही बिडीची करामतही नाही. बिडीनं भर घातली असेल, पण हे दगडाचं काम आहे."

मल्लू फोटोकडं बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं तो घाबरला.

"म्हंजे मी खोटं खोकत न्हवतो," तो म्हणाला.

"नाही," डॉक्टर म्हणाला. "कोण म्हणालं तसं?"

डॉक्टरनं फोटो पाकिटात घालायला दिला तर मल्लूनं पाकीट मला दिलं आणि फोटो तसाच हातात घेतला. आम्ही गावातून चालत निघालो. उन्हाची वेळ. पारावर माणसं बसली होती. कुणी विचारलं, काय रे ते? तो फोटो उन्हात वर धरायचा. कुणी विचारलं नाही त्यांच्यासमोरही धरायचा. न्हाव्याच्या दुकानात शिरला, गिरणीत शिरला. मी म्हटलं, दम लागंल तुला, चल. तो ऐकेना.

बापूंचा बंगला गावाच्या टोकाला होता, क्रशरच्या वाटेवर. एरवी तिथून जाताना आमचे गडी तोंडाला टॉवेल लावायचे, खोकल्याचा आवाज नको म्हणून, आणि पाय उचलायचे. मल्लू फाटकासमोर थांबला. बापू व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते, हातात पेपर होता. मल्लूनं दोन्ही हातांनी फोटो वर धरला, सूर्य मागं येईल असा. त्याला ढास आली. मी टॉवेल पुढं केला. त्यानं तो घेतला नाही.

तो खोकला. मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून, रस्त्याच्या मधोमध उभा राहून. झोपाळा थांबला. बापूंनी पेपर वर घेतला, पार तोंडापर्यंत. आणि मल्लूचं खोकून पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही.